पॅसेंजर दादरहून सुटली पाहिजे

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं, की यंदा सहा आठवड्यांची रजा काढून येते आहे आणि त्यातले निदान चार आठवडे पॅसेंजर गाड्यांनी आणि एसटीने एकटीच फिरणार आहे. नेमका त्याच दिवशी माझ्या चुलतभावाने बुलेट ट्रेनच्या पुलांचा व्हिडिओ टाकला होता. मुंबई ते अहमदाबाद ५०८ किलोमीटर, साधारण दोन तासांत. माझा निरोप वाचून माझ्या थोरल्या भावाने, दादाने, खाली लिहिलं, "हॅम्बुर्गला राहून हळू प्रवासाचे गोडवे गाणं सोपं असतं. आम्ही इथे रोजच हळू जातो, आणि तेही लोंबकळत."

दादा नालासोपाऱ्याला राहतो. तीस वर्षं चर्चगेटला नोकरीसाठी जातो-येतो. दिवसाचे तीन तास, आठवड्याचे सहा दिवस. त्याचं वाक्य मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. ज्याच्या आयुष्यातला एवढा वेळ रुळांवर गेला, त्याला वेग हवासा वाटणारच. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पुरा झाला. आमच्या ग्रुपवर दोन्हींचा आनंद साजरा झाला आणि मलाही तो मनापासून झाला. वेगाबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं हळू गाडीबद्दल आहे, आणि ते मला डिसेंबरात ठाण्याच्या पुढच्या दिवा स्टेशनच्या फलाटावर नीट उमगलं.

रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची. कोविडनंतर ती दिव्याहून सोडायला लागले. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो: मुंबईच्या रुळांवर गर्दी आहे, लोकलमधून रोज साठ लाखांच्या वर माणसं जातात, एका पॅसेंजरसाठी जागा कुठून काढायची? हा मुद्दा खोटा नाही. पण माझ्या समोरच्या बाकावर बसलेल्या आजींनी त्याच बदलाचा हिशेब वेगळा मांडला. त्या डोळ्यांच्या तपासणीला परळला आल्या होत्या आणि विन्हेऱ्याला परत चालल्या होत्या. यजमान लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी गेले ते गेलेच.

"पयली दादरला बसायचो," आजी म्हणाल्या. "पोरगा आधी जाऊन खिडकीतनं रुमाल टाकायचा. आता दिव्याला कोन येनार रुमाल टाकायला?"

मुलगा कामावर, सून कामावर. म्हणून सत्तरी ओलांडलेली बाई डोळ्यांत औषध घालून, एक बोचकं आणि एक पत्र्याचा डबा घेऊन परळहून लोकलने दिव्याला आली, तिथला जिना चढली, उतरली आणि जनरल डब्यात शिरली. गाडी पूर्वीइतकीच हळू आहे. हळू जाणाऱ्यांना मात्र तिने शहराबाहेर उतरवून दिलं आहे. गोव्याकडे जाणाऱ्या वेगवान गाड्या दादरला थांबतात, त्यांना जागा मिळते. ज्यांच्याजवळ आरक्षणाचे पैसे नाहीत, ज्यांचं गाव एक्सप्रेसच्या थांब्यांत येत नाही, त्यांनी दिव्याला यायचं, हे मला पटत नाही.

गाडी दुपारी सुटते आणि रत्नागिरीला पोचेपर्यंत रात्र होते. लोकलमध्ये बायका एकमेकींना विचारतात, "कुठे उतरणार?" तो प्रश्न सीटसाठी असतो. कुर्ला म्हटलं की विचारणारी सरकून उभी राहते, ठाणे म्हटलं की दुसरीकडे वळते. पॅसेंजरमध्ये तोच प्रश्न माणसाची चौकशी असतो. रत्नागिरी म्हटल्यावर पुढचे प्रश्न येतात: कुणाकडे, माहेर का सासर, एकटीच का, जेवलीस का.

पेण आलं तेव्हा मला वरसईच्या गोडसे भटजींची आठवण झाली. वरसई पेणजवळच. घरावर कर्ज होतं म्हणून हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे पायी निघाला, बंडाच्या धामधुमीत सापडला आणि झाशीच्या वेढ्यात अडकला. त्याने बऱ्याच वर्षांनी लिहून काढलेला 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आला. मराठीतल्या प्रवासाच्या लेखनाचं मूळ शोधायचं तर मी तिथे जाते. त्या माणसाला हळू जायची हौस नव्हती, पायी जाण्यावाचून इलाज नव्हता. त्याने वाटेतलं जेवण, नदीचे घाट, लुटारू, लोकांची बोलणी पाहिली ती पोटासाठी चालताना. आज आपण 'स्लो ट्रॅव्हल' हा शब्द छान रिसॉर्टच्या जाहिरातीत वाचतो, तेव्हा मला भटजींचे पाय आठवतात.

वीरपर्यंत आता दुहेरी मार्ग आहे. त्यापुढे एकेरी. करंजाडीला आमची गाडी बाजूच्या रुळावर घेतली आणि आम्ही पस्तीस मिनिटं थांबलो. अंधार पडला होता. दोन गाड्या धडधडत निघून गेल्या, दुसरीच्या खिडक्यांचा उजेड आमच्या डब्यातून फिरला आणि गेला. डब्यात कुणी चिडलं नाही. पोरं खाली उतरून बाटल्या भरून आली. एकाने उकडलेल्या शेंगांची पुडी आणली आणि सगळ्यांपुढे फिरवली. आजींनी पत्र्याचा डबा उघडला: तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि दोन कांदे. बुक्की मारून कांदा फोडला आणि मोठी फोड माझ्या हातावर ठेवली.

मी वही काढली होती. "काय लिवतेस, बाय?"

"गाडी थांबली की लिहिते. कोण भेटलं, काय बोललं."

थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मग गाडी दादरला न्या म्हनून लिव. नाव नको लिवू माजं."

त्या रात्री मला दादाच्या वाक्याचं उत्तर अर्धं मिळालं. मी हळू जाते ती निवडीने. आजी हळू जातात कारण वेगवान गाडी त्यांच्या गावात थांबत नाही. हा फरक लपवून लिहिलं तर ते लेखन नासकं. पण गाडी दोघींची एकच आहे, आणि ती टिकली, नीट चालली, माणसाला शोभेल अशा ठिकाणाहून सुटली तरच दोघी समोरासमोर बसू शकतो. कोविडनंतर पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' म्हणून धावायला लागल्या तेव्हा किमान भाडं १० रुपयांवरून ३० झालं. २०२४ च्या सुरुवातीला ते परत १० वर आलं. मधल्या काळात दोन स्टेशनांवर दूध घालायला जाणाऱ्या माणसाचं, शेजारच्या तालुक्यात कॉलेजला जाणाऱ्या मुलीचं काय झालं असेल, याची चर्चा आमच्या ग्रुपवर कधी झाली नाही. बुलेट ट्रेनची दर आठवड्याला होते.

इथे जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या. मी स्वतः कडाक्याच्या थंडीत फलाटांवर तास न् तास काढले आहेत. पण एका बाबतीत मला हा देश मोठा वाटतो. मे २०२३ मध्ये इथे एक मासिक तिकीट आलं. तेव्हा ते ४९ युरोंना होतं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ पासून ६३. त्या तिकिटावर देशभरातल्या सगळ्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांत, बसमध्ये, ट्राममध्ये महिनाभर बसता येतं. वेगवान एक्सप्रेसमध्ये चालत नाही. म्हणजे सरकारने पैसा घातला तो मुद्दाम हळू गाडीत. केंद्र आणि राज्यं मिळून तो भार उचलतात, आणि कुणी किती द्यायचा यावरून दरवर्षी भांडतात. पण हळू गाडी नकोच, असं त्या भांडणात कुणी म्हणत नाही. आमच्या कामावर सफाईला येणाऱ्या बाई त्याच तिकिटावर रविवारी समुद्रावर जातात. मीही जाते, त्याच डब्यात.

दुसरी गोष्ट मी इथे पाहिली ती एकट्या प्रवाशासाठी समाजाने ठेवलेल्या जागेची. दोन वर्षांपूर्वी ल्यूनेबुर्गच्या बाहेर, पेट्रोल पंपापाशी एक तरुण मुलगी हात दाखवत उभी होती. काळी कॉर्डरॉयची रुंद पँट, बंडी, मोठ्या काठाची काळी टोपी, हातात वेडीवाकडी काठी. मी आणि मैत्रिणीने तिला गाडीत घेतलं. ती सुतार होती, 'वाल्त्स'वर निघालेली. शिक्षण पुरं झालेल्या कारागिराने तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरायचं, त्या काळात आपल्या गावाच्या ५० किलोमीटर आत यायचं नाही, मोबाइल बाळगायचा नाही, ही जुनी रीत. पूर्वी फक्त पुरुष जायचे, आता मुलीही जातात. तिने छोटी वही दाखवली: प्रत्येक गावाचा शिक्का, काम दिलेल्या माणसाचे चार शब्द. तो वेष दिसला की लोक गाडी थांबवतात. तिला भीती वाटते का, असं मी विचारलं. ती म्हणाली, वाटते, पण हे कपडे बघून बहुतेकांना आपण काय करायचं ते माहीत असतं.

मला लगेच नर्मदा आठवली. १३१२ किलोमीटरची नदी उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता, पायी फेरी. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. 'नर्मदे हर' म्हटलं की दार उघडतं, सदाव्रतात डाळ-तांदूळ-पीठ मिळतं. माझी एक मावशी वयाच्या ५८ व्या वर्षी एकटी गेली होती, मी तेव्हा शाळेत होते. ती सांगायची, की पांढरी साडी आणि हातात काठी असली की गावातली माणसं तिला बाई म्हणून बघायचीच नाहीत, परिक्रमावासी म्हणून बघायची. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जुन्या वाटा गेल्या, शूलपाणीच्या झाडीतली वाट गेली. आता मुंबईहून बसने पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा करून येतात. ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांनी जरूर बसने जावं. पण सदाव्रत टिकतं ते चालणाऱ्यांमुळे. चालणारे कमी झाले की दार उघडायची सवयही मोडते.

आणि ती सवय धर्माचा वेष नसलेल्या बाईपर्यंत अजून पोचलेली नाही. रत्नागिरीनंतर मी एसटीने घाटावर चढले. तिथल्या एका तालुक्याच्या गावी रात्री साडेआठला लॉजवर गेले. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड न बघताच विचारलं, "सोबत कोण?" कुणी नाही म्हटल्यावर, "सिंगल लेडीजला रूम देत नाही, मॅडम. वरून सांगितलंय." वर कोण, ते त्याने सांगितलं नाही. मी ४७ वर्षांची आहे. स्टँडवर परत आले. शेवटची गाडी गेलेली होती. कंट्रोलरच्या केबिनमधल्या बाईंनी मला आत बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि ड्यूटी संपल्यावर घरी घेऊन गेल्या. त्यांच्या सासूबाईंच्या शेजारी मी झोपले. या उपकाराबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. तरी एकट्या बाईला रात्रीची खोली मिळणं कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून असू नये, हे म्हणणं मी सोडणार नाही. मुंबईत बायका रात्री अकराच्या लोकलने घरी जातात आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. तोच अभिमान तालुक्याच्या गावात एका खोलीच्या किल्लीपर्यंत का जात नाही?

लिहिण्याबद्दल एवढंच. चार आठवड्यांत माझ्या दोन वह्या भरल्या. वेगाने जाताना फोटो पुष्कळ निघतात, माणसाचं पुरं वाक्य ऐकू येत नाही. रत्नागिरीच्या अलीकडे उक्षी ते भोके साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे. बाहेर अंधारच असला तरी बोगदा कळतो, कारण डब्यातला आवाज बदलतो, माणसं बोलणं थांबवतात आणि बाहेर पडल्यावर थांबलेल्या शब्दापासून पुढे सुरू करतात. हे लिहायला मला आतल्या माणसांचं आधीचं वाक्य माहीत असावं लागलं, आणि त्यासाठी दिव्यापासून तिथे बसलेलं असावं लागलं.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. रुमालाची गोष्ट ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, लहानपणी गणपतीला जाताना आपले बाबापण रुमाल टाकायचे. बुलेट ट्रेनबद्दलचं त्याचं मत बदललेलं नाही आणि मी ते बदलायला गेलेही नाही. दादरच्या पॅसेंजरसाठी लिहिलेल्या पत्रावर मात्र त्याने सही केली.

येत्या डिसेंबरात मी परत दिव्याहूनच निघणार आहे. दादाची मुलगी, २१ वर्षांची, रत्नागिरीपर्यंत माझ्याबरोबर येते म्हणते. तिथून मी पुढे जाईन आणि ती पहाटेच्या पॅसेंजरने एकटी परतेल, असं मी वहिनीला कळवलं आहे. वहिनीचं उत्तर अजून आलेलं नाही.