"घाबरू नका, सगळं फुकट मिळतं" या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठ-दहा दिवसांत हा मेसेज मला अकरा ग्रुपवर आला. शाळेच्या बॅचचा ग्रुप, भाऊबंदकीचा, सोसायटीचा, एवढंच काय केळीच्या भावाच्या ग्रुपवर पण कोणीतरी टाकला. वर मोठ्या अक्षरात "परदेशात संप, दंगल, वादळात अडकलात? घाबरू नका! भारतीयांचे ८ हक्क", खाली तिरंगा, अन शेवटी "सेव्ह करून ठेवा, कामात येईल". मी जळगावला तिकिटांचं काम करतो, वीस-बावीस वर्षं झाली, नेपाळ, दुबई, युरोप, एमबीबीएसला जाणारी पोरं, सगळं केलंय. काल काउंटरवर एका काकांनी तोच मेसेज उघडून माझ्यासमोर धरला, "इन्शुरन्स कायले काढू भो, दूतावास आहे ना." मग म्हटलं आता लिहूनच टाकू, रोज एकेकाला समजावत बसण्यापेक्षा.

मेसेजमधल्याच क्रमानं घेतो.

"संप असो की वादळ, एअरलाइनला हॉटेल, जेवण आणि ६०० युरो द्यावेच लागतात."

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. हा युरोपियन युनियनचा २००४ चा २६१ नंबरचा नियम. अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात, पण विमान युरोपियन युनियनमधून उडत असेल तर कुठल्याही कंपनीचं चालतं, अन तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपची असावी लागते. मुंबई-दुबई-मुंबई करणाऱ्या माणसाचा या नियमाशी काही संबंध नाही, अन आपल्याकडची निम्मी गर्दी दुबईचीच. दुसरं, वादळ आलं किंवा एअर ट्रॅफिक कंट्रोलवाल्यांनी संप केला तर ते कंपनीच्या हातातलं नाही, रोख भरपाई मिळत नाही. पण कंपनीच्या स्वतःच्या पायलट लोकांनी संप केला तर मिळते, युरोपच्या कोर्टानं २०२१ मध्ये तसा निकाल दिलाय. आता फॉरवर्डवाल्यानं सांगायची राहिलेली खरी कामाची गोष्ट. रोख मिळो न मिळो, वादळातसुद्धा जेवण, हॉटेल अन एकतर पैसे परत नाहीतर दुसरं विमान, हे द्यावंच लागतं. फक्त तुम्ही घाईघाईत मोबाईलवर रिफंडचं बटण दाबलं की तुमचं त्यांचं नातं संपलं, मग हॉटेल पण तुमचं अन नवीन तिकीट पण तुमचं, तेही त्या दिवशीच्या भावात. म्हणून आधी दुसरं विमान मागायचं, बिलं जपून ठेवायची, अन कॅन्सल कशामुळे झालं ते लेखी मागून घ्यायचं.

माझ्या भाच्याचं सांगतो. एप्रिल २०२४, दुबईला १६ तारखेला पाऊस झाला तेव्हा हा युरोपातून येत होता. त्या एका दिवसात अल ऐनकडे २५४ मिलिमीटर पडला, आपल्या जळगावला अख्ख्या वर्षात सहाशे-सातशे पडतो, म्हणजे बघा. हजाराच्या वर विमानं रद्द. याने चार हजार वाचवायला दोन वेगवेगळी तिकिटं काढलेली, दुबईपर्यंत एका कंपनीचं, पुढे मुंबईपर्यंत दुसऱ्या. पहिलं उशिरा पोचलं, दुसऱ्या कंपनीच्या लेखी हा आलाच नाही. दोन रात्री फरशीवर बॅगेला टेकून. सोबत एका तिकिटावर आलेल्या माणसाला त्याच्या कंपनीनं पुढचं विमान दिलं, याला कोणी विचारलं पण नाही. अन हे तिकीट त्याने माझ्याकडून काढलं नव्हतं हेही सांगून ठेवतो, घरातला असला तरी.

"पासपोर्ट दाखवला की दूतावास फुकट राहणं, जेवण, तिकीट देतो. सरकार विमान पाठवतं."

इथे जरा नीट बोलावं लागेल, कारण सरकार काहीच करत नाही असं म्हणणारा मी नाही. ऑगस्ट २०२४ ला नेपाळमध्ये तनहूंकडे बस मर्स्यांगदी नदीत गेली, २७ जण गेले, बहुतेक आपल्या वरणगाव-भुसावळ भागातले. हवाई दलाच्या विमानानं मृतदेह जळगावला आणले. ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यावर जास्त लिहवत नाही.

पण विमान येणं अन तुम्ही त्या विमानापर्यंत पोचणं यात फार अंतर असतं. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा पोरांना आणायला झालेलं ऑपरेशन गंगा आठवा, २०२२. विमानाला पैसे लागले नाहीत हे खरं, पण विमानं उभी होती पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियात. तिथपर्यंत पोरं रेल्वेत उभ्यानं, बसनं, शेवटचे कित्येक किलोमीटर पायी थंडीत गेली. २ मार्चला तर दूतावासानं खारकिव्हमधल्यांना सांगितलं की ताबडतोब शहर सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत निघा. अन त्याआधी २०२० ला कोरोनात अडकलेल्यांना आणायला वंदे भारत मिशन झालं, त्याची तिकिटं लोकांनी स्वतःच्या खिशातून काढली, मीच कितीतरी घरच्यांना पैसे भरायला मदत केली. म्हणजे कधी फुकट, कधी विकत, ते आधी ठरलेलं नसतं.

दूतावासाकडे गरजू लोकांसाठी एक कल्याण निधी असतो, २००९ पासून, पण त्यातून खरंच कोणी नसलेल्याला, पैसे नसलेल्याला मदत होते, विमान लेट झालं म्हणून हॉटेलचं बिल देत नाहीत. पासपोर्ट हरवला तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, त्यावर फक्त भारतात परत येता येतं, पुढची ट्रिप विसरा. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे. लांब राहायचं असेल, शिकायला किंवा नोकरीला, तर पोचल्या पोचल्या दूतावासाकडे नाव नोंदवून ठेवा. २०२४ च्या मे मध्ये किर्गिझस्तानात बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांवर जमाव चालून गेला त्या रात्री इकडे आयाबाया रडत मला फोन करून राहिल्या होत्या, पोरगं कुठल्या होस्टेलला आहे तेच घरी माहीत नव्हतं. दूतावासानं सांगितलेलं तेवढंच, खोलीतून बाहेर पडू नका. पोरानं ते ऐकलं, झालं.

"टुरिस्टला कोणी हात लावत नाही. मोर्चा दिसला तर पासपोर्ट हातात ठेवा, बिनधास्त व्हिडिओ काढा."

हे ज्याने लिहिलं त्याला एकदा भेटायचंय मला.

जुलै २०२४. बांगलादेशात आंदोलन पेटलेलं, म्हणून दुबईकडे कामाला असलेल्या बांगलादेशी लोकांनी तिथे रस्त्यावर येऊन स्वतःच्या देशातल्या सरकारविरुद्ध घोषणा दिल्या. यूएईच्या विरुद्ध अवाक्षर नाही. दोन-तीन दिवसांत कोर्टाचा निकाल, ५७ जणांना शिक्षा, तिघांना जन्मठेप, ५३ जणांना दहा वर्षं, एकाला अकरा. सप्टेंबरात माफी मिळाली अन घरी पाठवले, पण नोकरी गेली ती गेलीच. तिथे मोर्चाच बेकायदा आहे, अन अफवा फॉरवर्ड करणं पण गुन्हा. आपल्याकडे कोर्ट चौकात उभं राहून व्हिडिओ काढायची सवय आहे आपल्याला, ती विमानात बसायच्या आधी घरी ठेवायची.

अन जमावाला पासपोर्ट वाचता येत नाही. काठमांडूला ९ सप्टेंबर २०२५ ला सरकारी इमारती पेटवल्या तसं मोठं हॉटेल पण पेटवलं, त्यात टुरिस्ट आहेत का कोण हे कोणी बघितलं नाही. माझे चोपड्याकडचे चौदा जण तेव्हा तिथे होते. सगळे साठीच्या पुढचे, एक जिजी तर पंचाहत्तरच्या. दुपारी विमानतळ बंद झाला अन त्यांच्यातल्या दोघा आप्पा लोकांचा हट्ट, चला निघू, एअरपोर्टलाच जाऊन बसू, तिथे पोलीस असतात. मी फोनवर ओरडलो अक्षरशः. विमानतळाचा रस्ता हाच त्या दिवशी सगळ्यात वाईट रस्ता होता. हॉटेल छोटं, गल्लीत, मालकानं शटर ओढलं, बोर्डाचे लाईट बंद केले, अन यांना रस्त्याच्या खिडकीच्या उलट बाजूच्या खोल्या दिल्या. जिजींच्या पिशवीत दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, घरचे केळीचे वेफर्स, घरून निघताना सूनबाईनं "कशाला एवढं, तिकडे सगळं मिळतं" म्हटलेलं. चौदा माणसं दीड दिवस त्यावर निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमानतळ उघडला, कर्फ्यूत सैन्य तिकीट बघून सोडत होतं, तेव्हा निघाले. एक आप्पा अजून म्हणतात आपण आधी निघालो असतो तर आधी पोचलो असतो. म्हणू द्या.

रस्त्यात मोर्चा समोर आलाच तर मागे वळायचं नसतं गर्दीच्या विरुद्ध, बाजूची गल्ली धरायची नाहीतर दुकानात शिरायचं. थांबून बघायचं नाही.

"व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआय आता सगळीकडे चालतं, काळजी नको."

त्याच नेपाळात ४ सप्टेंबरला सरकारनं २६ सोशल मीडिया साईटी बंद केल्या, त्यात व्हॉट्सअ‍ॅप पण होतं, फेसबुक, यूट्यूब पण. ८ तारखेच्या रात्री बंदी उठवली. त्या चार दिवसांत इकडची मंडळी "लास्ट सीन" बघून बीपी वाढवत बसलेली. बांगलादेशात २०२४ च्या जुलैत तर इंटरनेटच बंद केलं, मेडिकलची पोरं आगरतळ्याच्या बॉर्डरनं अन मेघालयच्या बाजूनं आली. साधा कॉल लागेल असं इंटरनॅशनल रोमिंग एका तरी फोनवर हवं, अन नंबर कागदावर लिहिलेले हवेत, कारण फोन बंद पडला की बायकोचा नंबर पण आठवत नाही आपल्याला. पैशाचं पण तेच. स्पेन अन पोर्तुगाल २८ एप्रिल २०२५ ला अख्खे अंधारात गेले, मेट्रो बंद, सिग्नल बंद, कार्ड मशीन बंद, रोख होती त्याला पाण्याची बाटली मिळाली. दोन दिवसांचा खर्च रोखीत ठेवा, तिकडच्या चलनात.

एमर्जन्सीला १०० लावायची सवय असते. युरोपात ११२ (हा आपल्याकडे पण चालतो आता), यूएईत पोलीस ९९९, अमेरिकेत ९११, जपानला पोलीस ११० अन अ‍ॅम्ब्युलन्स ११९.

"इन्शुरन्स असला की संप-वादळ सगळं कव्हर, विमानतळावर पण काढता येतो."

बातमी आल्यावर काढलेला इन्शुरन्स त्या बातमीला लागू होत नाही. संप जाहीर झाला, वादळाला नाव पडलं, त्याच्यानंतरची पॉलिसी त्या संपाला, त्या वादळाला चालत नाही. अन शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) जो ३०,००० युरोचा लागतो तो दवाखान्याचा असतो, विमान चुकल्याचे पैसे त्यात असतीलच असं नाही, वाचून घ्या. मोर्च्यात सामील असताना लागलं तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात.

"युरोपात संप म्हणजे सगळं ठप्प, हॉटेलातच थांबा."

हे आपल्या एसटीच्या संपावरून लिहिलेलं दिसतंय, २०२१-२२ ला पाच महिने आगारात गाड्या उभ्या होत्या तसं डोक्यात बसलंय. तिकडचा संप आधी तारीख-वेळ सांगून येतो. इटलीत संपाच्या दिवशीसुद्धा कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ अन संध्याकाळी ६ ते ९ ठराविक रेल्वे सोडाव्याच लागतात. फ्रान्सला उद्या कुठल्या गाड्या धावणार ते आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला कळतं. अमळनेरचं एक नवीन जोडपं रोमला अख्खा दिवस खोलीत बसून राहिलं, मला रात्री फोन. म्हटलं बाबा सकाळी सहाला स्टेशनवर गेला असता तर फ्लोरेन्सला जेवला असता.

"उन्हापावसाचं आपल्याला काय, आपण खान्देशी."

हा माझा आवडता. भुसावळच्या माणसाला ४५ डिग्रीचं कौतुक सांगू नका, मान्य. पण आपलं ऊन कोरडं, घाम येतो अन वाळतो, तेवढं अंग थंड होतं. दुबईला समुद्राची दमट हवा, घाम वाळतच नाही, चाळीस डिग्रीतच माणूस आडवा होतो. अन जून २०२४ च्या हजला मक्केत पारा ५१.८ पर्यंत गेला, १,३०१ लोक गेले, त्यात दर शंभरात त्र्याऐंशी विनापरवाना गेलेले, म्हणजे ज्यांना एसीचा तंबू नाही, बस नाही, उन्हात मैलोन्मैल चालले. आपल्याकडून पण दरवर्षी मंडळी जातात, एजंट "व्हिजिट व्हिसावर करून देतो" म्हणाला तर उठून या तिथून.

पावसाचं तर विचारूच नका. पांझरेच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणारी माणसं आपण, २०२१ ला चाळीसगावला तितूर-डोंगरी नद्यांनी बाजारपेठेत काय केलं तरी शिकत नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी कार उचलतं, दोन फुटाला मोठी गाडी पण जाते. स्पेनच्या व्हॅलेन्सियात २९ ऑक्टोबर २०२४ ला दोनशेच्या वर लोक गेले, कितीतरी जण तळघरातल्या पार्किंगमधून गाडी काढायला खाली उतरलेले. मोबाईलवर सरकारी अलर्ट वाजला तो रात्री आठनंतर, तोवर पाणी घरात. म्हणून अलर्टची वाट बघू नका, आसपासचे लोक वर चढायला लागले की तुम्ही पण चढा.

"फ्लाईट कॅन्सल झाली की व्हिसा आपोआप वाढतो."

नाही वाढत. शेंगेनमध्ये अशा अडचणीत मुदतवाढ फुकट मिळते, पण मुदत संपायच्या आत तिथल्या ऑफिसात जाऊन मागावी लागते, कॅन्सल झाल्याचा कागद घेऊन. बाकी देशांचं प्रत्येकाचं वेगळं.

आता ज्या काकांवरून हे सुरू झालं त्यांनी विचारलंय की दिवाळीनंतरचं नेपाळ बुकिंग ठेवू का काढू. ठेवा काका. फक्त काठमांडूहून उतरल्या दिवशीच गोरखपूरहून भुसावळची गाडी पकडायची असं जे तुम्ही ठरवलंय ते नको, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा, कुशीनगर एक्स्प्रेसचं तिकीट मी बदलून देतो. अन घरी म्हणा, त्या चोपड्याच्या जिजींसारख्या दशम्या जास्तीच्या करा.