खुलासा : ग्रँड सेंट्रल पाडलं जाणार नाही

‘न्यूयॉर्कचं शंभर वर्षांचं ग्रँड सेंट्रल स्टेशन पाडून तिथे गगनचुंबी टॉवर होणार’ हा मेसेज दोन दिवस फिरतोय. वाचून मलाही धस्स झालं, आणि खात्री न करता मी तो पुढे पाठवला. ती माझी चूक.

टॉवरचा बेत खरा आहे, पण त्याची जागा स्टेशनची नाही. पूर्वेला स्टेशनच्या भिंतीला लागून काचेचं हॉटेल आहे. १९१९ च्या कमोडोर हॉटेलच्या सांगाड्यावर १९८० मध्ये काच चढवलेलं. ते पाडून १७५ पार्क अव्हेन्यू हा सुमारे ४८० मीटरचा टॉवर उभारायचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये शहराच्या कौन्सिलने मंजुरी दिली, ती याच भूखंडासाठी.

१९१३ च्या स्टेशनला १९६७ पासून वारसावास्तू म्हणून संरक्षण आहे. त्याच्या डोक्यावर टॉवर बांधू द्या म्हणून मालक कंपनी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९७८ मध्ये हरली. त्यामुळे चौकशी खिडकीवरचं ते चार तोंडांचं पितळी घड्याळ जागेवरच राहणार आहे.

शेजारच्या उंचीने स्टेशन झाकोळेल का, ही काळजी मलाही वाटते. तो वाद जरूर घालू. पण ‘स्टेशन पाडणार’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.