क्रूलनं डोळे मिटले नव्हते

रविवारी सकाळी दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात मजकूर असा: टिम क्रूल नावाचा डच गोलकीपर जन्मभर बेंचवर बसून होता. २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये कोचला ऐन वेळी काय वाटलं कोण जाणे, शेवटच्या मिनिटाला त्याला मैदानात उतरवलं. त्यानं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, सगळ्या पेनल्टी अडवल्या आणि देशाला फायनलला नेलं. पुढे तो कधीच खेळला नाही. शेवटी 'सराव नव्हे, श्रद्धा जिंकवते' आणि हात जोडलेले सहा इमोजी.

असलं काही आलं की मी न वाचता पुढे सरकतो. पण माझा भाचा कोल्हापुरात एका तालमीच्या ज्युनियर संघाचा गोलकीपर आहे आणि संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामा, टायब्रेकरचा सराव बंद केलाय. ते नशिबावरच असतंय." टायब्रेकर म्हणजे सामना बरोबरीत सुटला की निकालासाठी दोन्ही संघांनी आळीपाळीनं मारायच्या पेनल्टी. मग मात्र बसलो लिहायला.

'जन्मभर बेंचवर.' हे न्यूकॅसल या इंग्लिश क्लबच्या एखाद्या चाहत्याला ऐकवून बघा. क्रूल हेगचा पोरगा, २००५ मध्ये न्यूकॅसलला गेला. १८ व्या वर्षी पालेर्मोविरुद्ध युएफा कपमध्ये उतरला आणि गोल खाल्ला नाही. २०११ मध्ये देशाकडून पहिला सामना, तोही ब्राझीलमध्ये ब्राझीलशी, ०-०. नोव्हेंबर २०१३ मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर एका सामन्यात त्यानं १४ फटके अडवले आणि न्यूकॅसल १-० नं जिंकलं. त्या वर्ल्डकपपुरता तो बेंचवर होता, हे खरं. पहिल्या पसंतीचा गोलकीपर यास्पर सिलेसन होता. पण 'त्या स्पर्धेत बेंचवर' आणि 'जन्मभर बेंचवर' यात काही फरक आहे की नाही?

'कोचला ऐन वेळी वाटलं.' कोच लुई व्हॅन गाल. ऐन वेळी वाटून काही करणाऱ्यातला हा माणूसच नव्हे. ५ जुलै, साल्व्हादोर, समोर कोस्टारिका. १२० मिनिटं ०-० आणि इतक्या वेळात व्हॅन गालनं तिसरा, म्हणजे शेवटचा खेळाडू-बदल राखून ठेवला. टायब्रेकर झाला तर तू उतरशील, हे क्रूलला आधीच सांगितलेलं होतं. सिलेसनला मात्र सांगितलेलं नव्हतं. सामना खेळायचाय त्याच्या डोक्यात भुंगा नको, असा हिशेब. क्रूल सिलेसनपेक्षा उंच, हात लांब पोचतो, हा दुसरा हिशेब.

आता डोळे मिटण्याचं. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला.

त्या टायब्रेकरचं चित्रीकरण कुणीही बघू शकतं. मी परवा तीनदा पाहिलं आणि तुम्हीही एकदा पाहा, बाकी पुरावा लागणार नाही. कोस्टारिकाच्या पाच पेनल्टी. पाचही वेळा क्रूलची उडी योग्य बाजूला. पाच पैकी पाच! डोळे मिटून? बोर्गेस, गोन्झालेझ, बोलान्योस यांचे फटके आत गेले, पण तिथंही उडीची बाजू चुकलेली नाही. दुसरा फटका ब्रायन रुईझचा, पाचवा मायकेल उमान्याचा. हे दोन त्यानं अडवले. म्हणजे 'सगळ्या' नव्हे, दोन.

आणि ही बाजू कळली कशी? सहाच दिवस आधी कोस्टारिकानं ग्रीसला टायब्रेकरवर हरवलं होतं. त्यात त्यांचे पाचही फटके गोल झाले होते आणि त्या पाचांतले चौघं नेदरलँड्सविरुद्ध पुन्हा मारायला आले. रुईझ आणि उमान्या त्यातलेच. कोण कुठं मारतो याचा अभ्यास गोलकीपर कोच फ्रान्स हूकसोबत आधीच झाला होता. त्यावर क्रूलचा आगाऊपणा: प्रत्येक फटक्याआधी मारणाऱ्याजवळ जाऊन 'तू कुठं मारणार ते मला माहितेय' असं सुनवायचा. यावरून त्याच्यावर टीकाही झाली. खिलाडूवृत्तीचं माहीत नाही, पण ध्यान लावून बसलेला माणूस असा वागत नाही एवढं नक्की.

नशीब अजिबात नव्हतं असंही मी म्हणणार नाही. त्याआधी न्यूकॅसलकडून समोर आलेल्या २० पैकी फक्त २ पेनल्टी त्यानं अडवल्या होत्या, असा आकडा तेव्हा सगळीकडे छापून आला होता. तो आठवला की मलाही जरा गप्प बसावं लागतं. बाजू ओळखली तरी चेंडूपर्यंत हात पोचावा लागतो, आणि तो दोनदा पोचला. तेवढं दाजींच्या श्रद्धेला दिलं.

'फायनलला नेलं.' नाही. सेमीफायनलला. तिथं अर्जेंटिनाशी पुन्हा ०-०, पण व्हॅन गालचे तिन्ही बदल वापरून झाले होते. क्रूल बेंचवरच राहिला, सिलेसनला एकही पेनल्टी अडवता आली नाही आणि नेदरलँड्स टायब्रेकरवर ४-२ नं हरलं.

'पुढे कधीच खेळला नाही.' २०१५ मध्ये देशाकडून खेळतानाच कझाकस्तानात गुडघ्याचा लिगामेंट फाटला, हे त्यातलं खरं दुखणं. पण त्यानंतर तो नॉरविच या इंग्लिश क्लबकडून वर्षानुवर्षं खेळला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एकाच सामन्यात दोन पेनल्टी अडवल्या, रॅशफर्डची आणि मार्शियालची. मार्च २०२० मध्ये एफए कपात टॉटनहॅमशी पुन्हा टायब्रेकर, पुन्हा दोन अडवल्या. त्या दिवशी त्याच्या पाण्याच्या बाटलीवर टॉटनहॅमच्या खेळाडूंची नावं आणि प्रत्येकापुढे कुठं उडी मारायची ते लिहिलेलं होतं. बाटलीचे फोटो आहेत.

त्यातला एक भाच्याला पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "पण मामा, समोरच्या टीमचे व्हिडिओ कुठनं आणायचे?"

प्रश्न रास्त आहे. शनिवारी त्यांचा सामना आहे. मैदानावर जाऊन मोबाईलवर शूटिंग करायचं काम दाजींकडे दिलंय.