दंगा करायची मोकळीक

जपानवर आपल्याकडे कुणीही बोलायला उभं राहिलं की गाडी ठरलेल्या रुळावरून जाते. १९४५ साली देश बेचिराख झाला, १९६४ साली बुलेट ट्रेन धावली. मग शिस्त, कष्ट, वक्तशीरपणा, देशप्रेम. शाळेच्या कार्यक्रमाला आलेले पाहुणे हेच सांगतात आणि समोर मांडी घालून बसलेली पोरं माना डोलावतात. मी पुण्यात जपानी भाषा शिकवते. हे भाषण ऐकलं की मला गप्प बसवत नाही. कारण त्या वीस वर्षांची सुरुवात ज्या वर्गांतून झाली, तिथे प्रचंड दंगा चालायचा. मास्तरांच्या डोक्यावर डस्टर पडायचं, तास सुरू असताना डबे फस्त व्हायचे, एकाची हजेरी दुसराच लावायचा. तो दंगा ही त्या देशाच्या उभं राहण्यातली मोठी गोष्ट होती असं मला मनापासून वाटतं, आणि तो वगळून सांगितलेला जपान मला अर्धाच वाटतो.

आधी काय होतं ते पाहा. १९२५ पासून मुलांच्या माध्यमिक शाळांत कवायतीसाठी लष्करी अधिकारी नेमलेले असत. थोबाडीत बसणं रोजचंच. युद्ध अंगाशी आलं तसं मुलांना कारखान्यांत आणि शेतांवर जुंपलं, आणि मार्च १९४५ मध्ये सरकारने ठरवूनच टाकलं की एप्रिलपासून वर्षभर, लहान मुलांचे वर्ग सोडले तर, शिकवणं बंद. शाळकरी मुलींना, बॉम्ब टांगून सोडायचे कागदी फुगे बनवायच्या कामाला लावलं होतं. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवायला कोन्याकूची खळ लागायची. कोन्याकू आपल्या सुरणाच्याच कुळातला कंद. पोटात काही नसलेल्या त्या मुली लपूनछपून ती खळ खायच्या. हिरोशिमात ६ ऑगस्टच्या सकाळी आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायच्या कामावर शाळेतली मुलं होती. त्यातली सहा हजारांच्या आसपास मुलं गेली. बहुतेक बारा ते चौदा वर्षांची.

त्यातून जी वाचली, ती पुन्हा वर्गात येऊन बसली. वर्ग म्हणजे कुठे अर्धी जळकी इमारत, कुठे नुसतंच उघडं आभाळ. मैदानात रताळी लावलेली. पुस्तकं जुनीच, पण सरकारी हुकूम आला की युद्धाचा उदोउदो असलेला मजकूर काळा करा. मुलं शाईत कुंचला बुडवून ओळीच्या ओळी पुसत बसली. कालपर्यंत ज्या ओळी पाठ नाहीत म्हणून मार खाल्ला, त्याच ओळी पुसायला तेच मास्तर सांगत होते. आणि मुलं काय करत होती? पान उजेडात धरून शाईखालचं वाचायचा प्रयत्न करत होती! पुढच्या वर्षी नवी पुस्तकं आली, तीही वर्तमानपत्रासारखे मोठे छापील कागद म्हणून. घडी घाला, कापा, शिवा, मग वाचा.

विद्यार्थी म्हणून जपानमध्ये होते तेव्हा मी ज्या घरी राहिले, तिथले आजोबा याच पिढीतले. क्योतोचे. युद्ध संपलं तेव्हा तेरा वर्षांचे. जेवणं झाली की ते शाळेच्या गोष्टी काढायचे. आजी आतून म्हणायच्या, "झालं सुरू यांचं." पण चहा घेऊन त्याही येऊन बसायच्या.

त्यांची एक गोष्ट मला कधीच विसरता येणार नाही. जपानी वर्गाचं दार सरकतं असतं. ते बोटभर उघडं ठेवायचं, वरच्या फटीत खडूने माखलेलं डस्टर अडकवायचं आणि जागेवर जाऊन शहाण्यासारखं बसायचं. दार सरकलं की डस्टर बरोब्बर डोक्यावर. आजोबांच्या वर्गाने हा प्रयोग गणिताच्या मास्तरांवर केला. हे मास्तर युद्धाच्या काळात हात उगारण्याबद्दल प्रसिद्ध होते. डस्टर पडलं. केस पांढरे, खांदे पांढरे, चष्म्यावर भुकटी. हसू कुणाला येईना. सगळ्यांचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे. मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला, वाकून डस्टर उचललं आणि फळा पुसायला घेतला. म्हणाले, "आज फळा पुसायची पाळी ज्याची होती, त्याने डस्टर झटकलेलं नाही." मग जो हशा उसळला त्यात मास्तरही सामील झाले. आजोबा म्हणाले, "युद्ध संपलंय हे मला त्या दिवशी कळलं. रेडिओवर ऐकलं होतं, पण कळलं त्या दिवशी."

मला हे वाक्य फार मोठं वाटतं. नवं संविधान आलं, मार्च १९४७ मध्ये शिक्षणाचे नवे कायदे झाले, प्राथमिक सहा, माध्यमिक तीन, हायस्कूल तीन अशी शाळेच्या वर्षांची नवी रचना आली. हे सगळं वरून, अमेरिकी देखरेखीखाली आलं. शाळकरी पोराला मात्र त्याचा अर्थ कळला तो थोबाडीत न बसण्यातून.

क्योतोत सगळ्यात मोठी धमाल उडाली १९४८ च्या ऑक्टोबरात. तोपर्यंत मुलांची शाळा वेगळी, मुलींची वेगळी. नव्या धोरणात शाळा मिश्र झाल्या आणि जो जिथे राहतो तिथल्या शाळेत त्याने जायचं असं ठरलं. ऐन वर्षाच्या मध्यावर अख्ख्या शाळांची अदलाबदल! आजोबा आणि त्यांचे मित्र जाऊन पडले जुन्या मुलींच्या शाळेत. तिथे मुलग्यांसाठी मुतारी नव्हती. जिन्यापाशी माणसाच्या उंचीचा आरसा होता, आणि तोवर फाटकी टोपी आणि लाकडी खडावा मिरवण्यात पुरुषार्थ मानणारी ही पोरं पंधरवड्यात त्या आरशासमोर रांग लावून भांग पाडायला लागली.

मुलींची बाजू आजींकडून कळली. त्याही त्याच काळात शिकलेल्या. मुलींच्या जुन्या शाळांत गणित आणि इंग्रजी बेताचंच शिकवत, त्यामुळे मुलग्यांच्या शेजारी बसल्यावर पहिले काही महिने त्यांना धडकीच भरली. पण जुन्या जपानी काव्याच्या तासाला मुलगे असे काही अडखळायचे की मुली तोंडावर रुमाल धरायच्या. आजी म्हणाल्या, "मुलग्यांनाही उत्तर येत नाही, हे आम्ही तोवर कधी पाहिलंच नव्हतं." समानतेवर मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. त्यातलं काहीच या वाक्याच्या जवळपासही जात नाही.

मग नाच आला. विनफिल्ड निब्लो नावाचे अमेरिकी शिक्षणाधिकारी नागासाकीत होते. त्यांनी १९४६ मध्ये तिथे स्क्वेअर डान्स, म्हणजे जोड्याजोड्यांनी करायचा अमेरिकी लोकनाच, शिकवायला सुरुवात केली आणि ते वेड देशभर पसरलं. अणुबॉम्ब पडलेल्या शहरातून हे पसरावं याचं मला दर वेळी नवल वाटतं. शाळाशाळांच्या मैदानांवर ग्रामोफोन लावून मुलामुलींची रिंगणं फिरू लागली. हात धरायचा म्हणजे मोठंच संकट! कुणी नुसती बोटांची टोकं टेकवी, कुणी बाही धरी. दर काही पावलांनी जोडीदार बदलायचा. त्यामुळे आपल्याला हवी ती मुलगी किती जणींनंतर येणार, हे प्रत्येक मुलगा मनात मोजत असायचा, आणि ती अगदी पुढची असताना तबकडी संपायची. जपानमध्ये हा किस्सा सांगणारी जितकी वयस्क माणसं भेटली, त्या प्रत्येकाची तबकडी नेमकी तिथेच संपली होती.

लोकशाहीचं तर वारंच शिरलं होतं. वर्गसभा, विद्यार्थी मंडळ, ठराव, मतदान. आजोबांच्या वर्गाने एकदा ठराव केला की न सांगता चाचणी घेणं लोकशाहीविरोधी आहे, सबब ती घेऊ नये. एकमताने मंजूर. गणिताचे मास्तर, तेच डस्टरवाले, ठराव नीट वाचून म्हणाले, "मान्य. आता सांगतो, पाच मिनिटांनी चाचणी आहे. कागद काढा." वर्ग हरला, पण मास्तरांनी ठराव वाचला होता, त्याला उत्तर दिलं होतं. युद्धाच्या काळात त्यांच्या वर्गात तोंड उघडायची सोय नव्हती.

आता पार्ट्या. वर्गणी काढून विद्यार्थी जमतात त्याला तिकडे कोम्पा म्हणतात. तेव्हा वर्गणी पैशांत कमी आणि जिनसांत जास्त असायची. साखर मिळत नव्हती, सॅकरिनवर गोडाची हौस भागवायची. १९४६ च्या जानेवारीत रेडिओवर हौशी गायकांची स्पर्धा सुरू झाली होती. तिची नक्कल प्रत्येक कोम्पात ठरलेली. गाणारा घसरला की घंटेच्या ऐवजी किटलीवर एक टोला. परीक्षक बहुतेक वेळा एखादा मास्तरच. मास्तर मुद्दाम येऊन बसत, कारण बाहेर काळ्या बाजारात मिथाइल अल्कोहोल मिसळलेली दारू विकली जात होती आणि ती पिऊन माणसं दगावत होती. पोरांनी शाळेतच हसावं-खिदळावं, हे त्यांना सोयीचं होतं.

आणि यामिनाबे. पदार्थ जुना, विद्यार्थ्यांचा लाडका. शेगडीवर पातेलं चढवायचं, प्रत्येकाने काहीतरी लपवून आणायचं, दिवे मालवून ते पातेल्यात सोडायचं आणि अंधारातच चॉपस्टिक घालायची. जे हाती येईल ते खायचंच. युद्धानंतर वीज सारखी जायची, त्यामुळे अंधाराची सोय परस्पर होत असे. आजोबांच्या वर्गात शेतकऱ्याच्या एका मुलाने मोची, म्हणजे चिकट तांदूळ कुटून केलेले गोळे, आणले होते. त्या दिवसांत म्हणजे सोनंच! कुणी मुळा, कुणी रताळं, कुणी सुकी मासळी. आजोबांच्या चॉपस्टिकला काहीतरी जाड, लांब, चिवट लागलं. मासा समजून त्यांनी चावलं, पुन्हा चावलं. दिवे आले तेव्हा तोंडात खडावेचा पट्टा होता. पातेलं तरी रिकामं झालंच. त्या रश्श्यात मोची उकळलेली होती, तो कोण टाकणार?

हे सगळं ज्यांच्या वाट्याला आलं ते निम्म्याहूनही कमी होते, हे विसरून चालणार नाही. १९५० मध्ये जपानमध्ये माध्यमिक शाळेनंतर हायस्कुलात जाणाऱ्यांचं प्रमाण ४२.५ टक्के होतं. बाकीची मुलं पंधराव्या वर्षी कामाला. १९५४ पासून तर उत्तरेकडच्या आओमोरीहून तोक्योच्या उएनो स्टेशनात कामावर निघालेल्या मुलांच्या खास गाड्या येऊ लागल्या. त्यातली कित्येक दिवसभर राबून रात्रशाळेत बसत. त्यांच्या वाट्याचं हसू फार महागात पडलेलं होतं, आणि म्हणून वर्गातल्या हसण्याला कुणी फालतू म्हटलं की मला राग येतो.

तो राग हल्ली आपल्या शाळांवर येतो. आमच्या भागातल्या एका शाळेच्या पालक समितीवर मी आहे. गॅदरिंगला बाहेरचा कोरिओग्राफर, भाड्याचे कपडे, निवेदन छापील, नाटुकलं शिक्षकांनी लिहिलेलं आणि मुलांनी पाठ केलेलं. फिशपाँड बंद, कारण एका पालकांची तक्रार आली होती. तक्रार खरी होती. एका मुलीच्या रंगावरून घाणेरडं लिहिलं होतं, आणि ते थांबवायलाच हवं होतं. त्यासाठी एका शिक्षकाने सगळ्या चिठ्ठ्या आधी वाचून ती चिठ्ठी फाडायची आणि लिहिणाऱ्याला गाठायचं. पूर्ण फिशपाँडच बंद केल्यावर मुलांनी तेच सगळं मोबाइलवर सुरू केलं, जिथे वाचून फाडणारं कुणी नाही. मास्तरांची नक्कल करायलाही आता परवानगी लागते. आमच्या वेळी नक्कल पाहायला मास्तर पहिल्या रांगेत बसायचे.

आपल्या मुलांच्या डोक्यावर बॉम्ब पडत नाहीत. पण सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, रविवारी चाचणी, या चरकातून जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला एकत्र जमून मूर्खपणा करायला जागा कुठे आहे? शिस्तीसाठी जपानचं उदाहरण देणाऱ्यांना मी विचारते, त्या मास्तरांनी डस्टर पडल्यावर काय केलं ते सांगाल का?

येत्या सभेत मी मागणी मांडणार आहे. गॅदरिंगचा एक दिवस नववीच्या मुलांच्या हवाली करा. कार्यक्रम त्यांचा, निवेदन त्यांचं, फिशपाँड त्यांचे, चिठ्ठ्या वाचायला एक शिक्षक. कोरिओग्राफरचे पैसे वाचतील त्यात मुलांनी ठरवलेलं खाणं. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "गोंधळ होईल." होईल. मी दिवसभर तिथे थांबायला तयार आहे. आणखी दोन पालकांनी होकार दिला आहे, चौथे कुणी असतील तर कळवा.