एक सेकंद जातो कुठे?

दोनशे रुपये. झाकण न उघडता! ‘चेकिंग चार्ज.’

पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात 1979 सालचा सुपर 8 साउंड प्रोजेक्टर (घरगुती फिल्म आवाजासकट दाखवणारं यंत्र) पोरासारखा कडेवर घेऊन मी उभा होतो. दिवा लागतो, मोटर फिरते, रीळ मात्र ढिम्म. रोग मला ठाऊक होता: आतला रबरी पट्टा वितळून त्याचा काळा डिंक झाला होता. तो मी टूथपिकने खरवडून काढला, थोडा अजून बाहीवर आहे. रॉकेलनेही गेला नाही. मला हवा होता फक्त नवा पट्टा.

“मिळत नाही. मोबाइलवर घ्या सगळं,” दुकानदार मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

शेजारी मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन एक काका बसले होते.

“शिलाई मशीन का?”

“नाही, प्रोजेक्टर. बोलका.”

“त्याला आवाज कुठून?”

इथे मी चुकलो. सांगत बसलो. फिल्मच्या कडेला कॅसेटच्या टेपसारखी तपकिरी चुंबकीय पट्टी असते. चित्र दिव्यासमोरच्या खिडकीत दिसतं, आवाजाचं हेड, म्हणजे ती पट्टी वाचणारा भाग, पुढे असतं, म्हणून चित्राचा आवाज 18 चौकटी पुढे भरलेला असतो. सेकंदाला 18 चौकटी, म्हणजे बरोबर एक सेकंद.

“म्हणजे आवाज आधी ऐकू येतो?”

“नाही, एकदमच.”

“मग तो सेकंद जातो कुठे?”

दुकानातल्या तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

“अहो, खिडकीत फिल्म थांबत थांबत सरकते. आवाजाला धक्के चालत नाहीत, तो सलग वाहावा लागतो. म्हणून दोघं लांब.”

“हां! चित्र पीएमटी बसने, आवाज मेट्रोने.”

“मेट्रोपण थांबते,” दुकानदार म्हणाला. दोनशे रुपयांत मिळालेलं हे एकमेव तांत्रिक मार्गदर्शन.

काकांनी मग पिशवीतल्या मेथीच्या जुडीचा रबर सोडवून माझ्या हातात दिला. “हा लावा. नाहीतर भंगारात द्या, वजन चांगलं आहे.”

भंगार! त्या रिळात आत्याचं लग्न आहे. आजीचा आवाज जगात फक्त तिथे उरलाय, आणि जो तो मला किलोचा भाव सांगतो. मोबाइलवर घ्यायलाही आधी हे चालायला नको का? रागारागाने घरी आलो, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं आणि, कुणाला सांगू नका, मेथीचा रबर चढवला.

चाललं! रबर सैल पडला की आवाज खर्जात, ताणला की वर. आजीने “जेवलास का रे?” दोनदा विचारलं. एकदा पहिलवानासारखं, एकदा चिमणीसारखं. मी उत्तर द्यायच्या आत रबर तुटून कानावर बसला.

आता परत मेथी आणायची. बायको म्हणते, कालचीच संपली नाही.