सभ्य पोशाखासंबंधी काही प्रेमळ सूचना

आमच्या घोडबंदर रोडवरील सोसायटीच्या लिफ्टमध्ये गेल्या महिन्यात एक सूचना लागली. ‘रहिवाशांनी सामायिक जागेत वावरताना सभ्य व कौटुंबिक वातावरणास साजेसा पोशाख परिधान करावा, तसेच जड पादत्राणांच्या आवाजाने इतरांस त्रास होणार नाही याची दक्षता घ्यावी.’ खाली हिरव्या शाईत सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का. पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेत जसे कोणाचे नाव नसते, तसे यातही नव्हते. परंतु या संपूर्ण इमारतीत काळे लेदर जॅकेट आणि नडगीपर्यंतचे बूट घालून ये-जा करणारा मनुष्य एकच आहे, आणि ती सूचना वाचत असताना त्याच्या काखेत हेल्मेट होते.

तेव्हा माझ्यासारख्याच एखाद्या समलिंगी मोटारसायकलस्वाराच्या मनात ठाण्यात राहून रोज लेदर घालण्याचा विचार घोळत असेल, तर त्याला माझ्या अनुभवाचा लाभ व्हावा, एवढ्याच निर्मळ हेतूने मी पुढील चार गोष्टी सांगत आहे.

सर्वप्रथम उकाड्याच्या प्रश्नाचे उत्तर पाठ करून ठेवावे. “एवढ्या उन्हात जॅकेट?” हे तुम्हाला वॉचमन विचारील, पेट्रोल भरणारा विचारील, सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला मान बाहेर काढून विचारील, आणि हा प्रश्न जगात प्रथम आपल्यालाच सुचला आहे असा आनंद प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असेल. गाडी चालू लागली की बारीक भोके पाडलेल्या कातड्यातून वारा खेळतो, हे स्पष्टीकरण देण्याच्या फंदात पडू नये, कारण मे महिन्यात कापूरबावडीला मेट्रोच्या खांबांखाली वीस मिनिटे उभे राहिल्यावर ते आपले आपल्यालाही पटत नाही. “सवय आहे” असे म्हणावे आणि काच खाली करावी.

नातेवाइकांकडे जाताना पाच मिनिटे आधी पोहोचावे; दाराबाहेरच्या पायरीवर बसून बुटांचे बक्कल सोडण्यास तेवढा वेळ लागतोच, आणि “लष्करात भरती झालास का रे?” हा विनोद तेवढ्यात उरकून जातो.

अटल सेतूवरून जाऊ नये. तेथे सर्वच दुचाकींना बंदी असल्यामुळे निदान तेवढ्या एका ठिकाणी आपला वेगळा असा अपमान होत नाही, पण जाता येत नाही हे खरेच.

पावसाळ्याविषयी मात्र मी मनापासून सांगतो, त्यात उपरोध शोधू नये. जुलैत ठाण्याची हवा अशी असते की कपाटात आठ दिवस विसरलेल्या जॅकेटच्या कॉलरवर पांढरी-हिरवट लव उगवते. भिजलेले जॅकेट उन्हात किंवा गॅसजवळ वाळवू नये. कातडे कडक होऊन तडकते. रुंद खांद्याच्या हँगरवर लावून पंख्याखाली दोन दिवस ठेवावे, पूर्ण सुकल्यावर लेदरचे क्रीम हलक्या हाताने चोळावे, आणि काही झाले तरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालावेत आणि सकाळ-संध्याकाळ बदलावेत. माझ्या आईने हे पाहून “एवढी काळजी तू स्वतःच्या केसांची घेतली असतीस तर” असे म्हटले होते, ते वेगळे.

यानंतर येतो गाईचा प्रश्न. लिफ्टमध्ये दोन मजले गेले की हलक्या आवाजात कोणीतरी विचारतेच, “हे कशाचं असतं हो? गाईचं तर नाही ना?” माझे जॅकेट धारावीत शिवलेले आहे. शीव-वांद्रे लिंक रोडवरच्या एका गाळ्यात माझी मापे घेणाऱ्या कारागिराने अगोदर म्हशीचे कातडे हातावर घेऊन दाखवले होते, सव्वा मिलिमीटर जाड, दुमडले की चुणी न पडणारे. २०१५ मध्ये कायद्यात बदल होऊन राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, ती म्हशीला लागू नाही, आणि त्या बंदीचा फटका चामड्यावर पोट असलेल्या कितीतरी घरांना बसला, हेही त्यानेच मला सांगितले. हे सगळे आठ मजल्यांच्या प्रवासात कसे सांगावे? “म्हशीचं आहे,” एवढेच म्हणावे. समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. म्हशीविषयी कोणाला काही वाटत नाही, बिचारीची कोणी आरतीही म्हणत नाही. गंमत अशी की मला हा प्रश्न विचारणाऱ्या काकांच्या पायात त्या वेळी कोल्हापुरी चपला होत्या. त्या कशाच्या असतात असे मी त्यांना विचारले नाही, कारण वडीलधाऱ्यांना अडचणीत टाकू नये. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ मध्ये इटलीतल्या एका बड्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचे नावही न घेता मिरवल्या, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तीन दिवस संस्कृतीची रणशिंगे फुंकली जात होती. म्हणजे चामडे अंगठ्यापाशी संपले तर ती संस्कृती, नडगीपर्यंत गेले की विकृती. मापाचाच काय तो प्रश्न आहे.

आवाजाच्या बाबतीत मी स्वतः सुधारलो आहे. हल्ली लॉबीतून जाताना मी टाचा उचलून चालतो, म्हणजे संपूर्ण काळ्या लेदरमधील सव्वासहा फुटी मनुष्य मांजरासारखा पावले टाकतो आहे, असे दृश्य सीसीटीव्हीत साठत असेल. नवव्या मजल्यावर गेले दोन महिने फरश्या फोडण्याचे काम चालू आहे, त्याचा त्रास कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही. ते कुटुंबवत्सल आवाज असावेत.

रायडिंग ग्रुपबरोबर रविवारी पहाटे माळशेजला जाताना “मागची सीट रिकामीच का?” या प्रश्नावर हसावे, आणि हसून झाल्यावर गिअर टाकावा.

इतिहास सांगण्याचा मोह टाळावा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करातून परतलेल्या कित्येक समलिंगी पुरुषांना अमेरिकेत मोटारसायकल, लेदर आणि बूट यांतून आपली माणसे सापडली, १९५४ मध्ये लॉस एंजेलिसला सॅटर्स नावाचा समलिंगी मोटारसायकलस्वारांचा क्लब निघाला, आणि लेदरमधले रांगडे पुरुष जन्मभर रंगवणाऱ्या टॉम ऑफ फिनलंड या चित्रकाराच्या चित्रांची टपाल तिकिटे खुद्द फिनलंडच्या टपाल खात्याने २०१४ मध्ये काढली, ही माहिती कोजागरीच्या मसाला दुधाबरोबर सांगण्याजोगी नाही, असे मला एकदा सांगून झाल्यावर समजले. मी आणखी एक चूक केली, ती तुम्ही करू नये. “सुरक्षेसाठी घालता ना?” असे एकाने मला सोडवण्याच्या सुरात विचारले, तेव्हा “सुरक्षेसाठी घालतो, आणि आवडते म्हणूनही घालतो,” असे मी म्हणालो. सकाळी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढताना, बुटाचे शेवटचे बक्कल आवळताना मला बरे वाटते, आरशातला माणूस मला माझा वाटतो. पैठणी नेसणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. पण पुरुषाने, त्यातही पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषाने, स्वतःच्या कपड्यांत बरे वाटते असे म्हटले की खोलीतली भांडी एकदम खाली ठेवली जातात.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना: सोसायटीचा कोणताही फॉर्म खरा भरू नये.

माझा जोडीदार अलीकडेच ऐरोलीहून माझ्याकडे राहायला आला. त्याच्याकडेही मोटारसायकल आहे, म्हणून पार्किंगच्या स्टिकरसाठी मी फॉर्म घेतला. त्यात ‘सभासदाशी नाते’ असा रकाना होता आणि त्यापुढे पती/पत्नी, मुलगा/मुलगी, आई/वडील, भाडेकरू, इतर. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिलेला असल्यामुळे पहिला पर्याय आमचा नव्हता, आणि त्याच न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आम्हाला मोकळे केलेले असल्यामुळे लपवण्याचेही काही कारण मला दिसेना. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढे ‘जोडीदार’ असे लिहिले. ऑफिसातल्या कारकुनाने चष्मा वर करून विचारले, “धंद्यातला?” मी म्हटले, “घरातला.” त्याने स्टिकर दिले, सुटे पैसे परत केले, आणि तिसऱ्या आठवड्यात लिफ्टमध्ये पोशाखाची सूचना लागली.

जॅकेट तेच आहे. मी ते याच इमारतीत चार वर्षे घालतो आहे. बूटही तेच, फक्त टाचा एकदा बदलल्या. या चार वर्षांत पाडव्याच्या स्वागतयात्रेला आमच्या सोसायटीची मंडळी निघाली तेव्हा “तुम्ही बुलेट घेऊन पुढे राहा, आणि ते जॅकेट घालूनच या, रुबाब दिसतो,” असे मला सांगितले गेले होते. चौथ्या मजल्यावरचा मुलगा माझे हेल्मेट घालून टाकीवर बसायचा आणि त्याची आई फोटो काढायची. आता तीच बाई लिफ्टचे दार उघडले की “आम्ही मागून येतो” म्हणते आणि मुलाचा दंड धरून ठेवते. मुलगा माझ्या बुटांकडे बघत असतो. त्याला कोणी काय सांगितले आहे कोणास ठाऊक.

आणि सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी जुलैत गायमुखच्या उतारावर ओल्या खडीवरून माझे पुढचे चाक सरकले आणि मी उजव्या कुशीवर बराच घसरत गेलो. आईवडील साताऱ्याला, म्हणून रस्त्याकडेला बसून मी पहिला फोन यांनाच केला. भर पावसात ते स्वतःची गाडी घेऊन आले. इस्पितळात माझे चिखलाने भरलेले जॅकेट मांडीवर घेऊन तासभर बसले होते, पँटची पर्वा न करता. कोपराशी कातडे झिजून आतले गार्ड उघडे पडले होते, आणि खाली माझ्या कोपरावर साधा ओरखडा नव्हता. त्यांनी त्या झिजलेल्या जागी बोट फिरवले आणि नर्सला म्हणाले, “बघा, या जॅकेटनं वाचवलं आमच्या पोराला.”

आमच्या पोराला. हे शब्द मी विसरलेलो नाही. त्या सूचनेखालची हिरवी सही त्याच हाताची आहे.

काका, आता मी उपरोध बाजूला ठेवतो, कारण तो मला जमेनासा झाला आहे. जॅकेट असभ्य नाही हे तुम्हाला चांगले ठाऊक आहे. ते तुम्ही मांडीवर घेऊन बसला होता. तुमची हरकत माझ्या बुटांना असती तर ती चार वर्षांपूर्वी आली असती. तुमची हरकत फॉर्मवरच्या एका शब्दाला आहे, आणि तो शब्द तोंडाने उच्चारण्याची लाज वाटते म्हणून तुम्ही कपड्यांवर घसरलात. माझ्या दारावर थाप मारून “मला हे पटत नाही” असे म्हणण्याइतका आपला संबंध होता. मी चहा केला असता, आपण भांडलो असतो. त्याऐवजी शिक्का मारलेला कागद? उपविधींची प्रत मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, त्यात पोशाखाविषयी एक ओळ मला सापडली नाही. तुम्हालाही सापडलेली नसणार, म्हणूनच सूचनेत नियमाचा क्रमांक नाही.

सभ्यतेचेच म्हणत असाल तर सकाळी सात वाजता गेटवर उभे राहून पाहा. हाफ चड्डी, बनियन, पायात स्लीपर, मध्ये शाळेचे पोर आणि तिघांच्याही डोक्यावर काही नाही, अशा स्कूटर एकामागून एक घोडबंदर रोडला लागतात, तेही डंपरच्या चाकांशेजारून. हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, असे मोटार वाहन कायदा सांगतो. त्यासाठी लिफ्टमध्ये कधी कागद लावलात? त्या पोराच्या गुडघ्याची कातडी तुम्हाला कौटुंबिक वाटत नाही का? आणि दोन पुरुष एका गाडीवर एकमेकांना धरून बसलेले या शहरात रोज हजारोंनी दिसतात, त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. मी आणि तो मात्र पार्किंगमधून बाहेर पडलो की गॅलऱ्या भरतात. आम्ही दोघेही पूर्ण रायडिंग गिअरमध्ये असतो, हेल्मेटचे पट्टे लावलेले असतात, आणि आम्ही फक्त ऑफिसला जात असतो. बघायचे असेल तर बघा, पण मग सोमवारच्या सभेत ‘मुलांवर होणारे परिणाम’ वगैरे बोलू नका. मुलांवर परिणाम तुमच्या दंड धरण्याचा होतो.

मी जॅकेट काढणार नाही. टाचा उचलून चालणेही आजपासून बंद. आणि तो कागद काढायचा नसेल तर राहू द्या, पण निदान वीतभर वर चिकटवा. खाली ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ लिहिलेली पाटी आहे आणि लिफ्ट अडकल्यावर फिरवायचा फोन क्रमांक आहे, तो त्याने अर्धा झाकला आहे. परवा वीज गेली तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या त्या बाई मुलासह आत अडकल्या होत्या. क्रमांक वाचता न आल्याने त्या दार बडवत होत्या, आणि जिन्यावरून बूट वाजवत धावत गेलो तो मीच होतो.