निर्देशांकात राहायला जा!

महागाईने पिचला असाल, तर आधी पत्ता बदला. नाशकात सिडको, जेलरोड, पंचवटी, अगदी कॉलेज रोडसुद्धा, सगळीकडे तेल, डाळ आणि भाजी महाग आहे हे मान्य. पण याच देशात एक जागा अशी आहे, जिथे ऑक्टोबर 2025 मध्ये महागाई फक्त 0.25 टक्के होती. तिचं नाव ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे घरखर्चाची एक ठरावीक टोपली किती महागली ते सांगणारा सरकारी आकडा. डिपॉझिट नाही, एजंटाची दलाली नाही, आणि दर महिन्याच्या 12 तारखेच्या सुमारास नवा आकडा घरपोच. बायकामुलांसकट तिथेच राहायला जा.

जाण्याआधी थोडी शिस्त मात्र लावून घ्यावी लागेल, कारण तिथला माणूस ठरवून दिलेल्या प्रमाणात जगतो. समजा, तुमचा घरखर्च महिना 40,000 रुपये आहे. 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा 45.86 टक्के होता, म्हणून 18,344 रुपये पोटात गेलेच पाहिजेत. राहत्या घराला 4,028 रुपये. (त्या मालिकेत देशभराची सरासरी काढताना खेड्यातलं घरभाडं धरलेलंच नव्हतं, म्हणून आकडा एवढा गोड दिसतो. तुमच्या घरमालकाला हे समजावून बघा.) औषधपाण्याला 2,356. शिक्षणाला 1,784, म्हणजे दोन मुलं असतील तर प्रत्येकी 892. गंगापूर रोडच्या शाळेत तेवढ्यात काय येतं? टाय येत असावा. पान, तंबाखू आणि मादक पदार्थ या सदरात 952 रुपये. व्यसन नसेल तर लावून घ्या. राष्ट्रीय सरासरी बिघडवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

ही टोपली भरली ती 2011-12 च्या खर्चाच्या पाहणीवरून. तिच्यात टांग्याचं भाडं होतं, ऑडिओ-व्हिडिओ कॅसेटही होत्या. सरकारने ती नव्याने भरायला घेतली, पण मधली दहा-बारा वर्षं तुम्ही मोबाइलच्या रिचार्जवर पैसे उधळत बसलात आणि रविवार कारंजावरून टांग्याने घरी गेला नाहीत. मग आकडा तुमच्याशी जुळेल कसा?

एवढं जमलं की पुढचा धडा. महागाई कमी झाली ही बातमी वाचून पिशवी घेऊन बाजारात पळायचं नाही. नाशिककराला हे खरं तर सांगायला नको. गोदावरीला पूर आला की आपण आकडे बघत नाही, दुतोंड्या मारुती बघतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. गळ्याशी आल्यावर ते वाढायचं थांबलं, तर मारुती कोरडा झाला असं कुणी म्हणत नाही. महागाईचा दर म्हणजे पाणी किती वेगाने चढतंय एवढंच. ऑक्टोबर 2024 मध्ये खाद्यपदार्थांची महागाई 10.87 टक्के होती आणि वर्षभराने ती उणे 5.02 टक्के झाली. म्हणजे ऑक्टोबर 2023 मध्ये 100 रुपयांना मिळणारं खाणं आधी 110.87 वर गेलं आणि मग 105.30 वर आलं. पेपरात मथळा आला उणे पाचचा, आणि तुम्ही दुकानात दिले पाच जास्तच. दोन्ही खरं आहे. कुणीही खोटं बोललेलं नाही, म्हणून भांडायलाही जागा नाही.

तरीही तक्रार उरली असेल, तर गाभा महागाईकडे वळा. ही फार सात्त्विक गोष्ट आहे. एकूण महागाईतून खाद्यपदार्थ आणि घरगुती इंधन-वीज वजा करायचं, उरतो तो गाभा. त्यामागचा विचार अगदीच टाकाऊ नाही: भाजीचे भाव पावसावर नाचतात, त्यांच्या तालावर व्याजदर नाचवला तर उद्योगधंद्यांचा श्वास जातो. 2023-24 च्या आर्थिक पाहणीत तर महागाईचं लक्ष्यच खाद्यपदार्थ वगळून ठरवायचा विचार व्हावा, असं सुचवलं होतं. तुम्ही यावर घरात ताबडतोब अंमल करा. महिनाअखेरीला हिशेब मांडताना जेवण, गॅस आणि वीज बाजूला काढा. उरलेला महिना किती स्वस्तात गेला बघा! एखाद्याच्या घरात तर गाभा शून्यावरच येईल, कारण जेवण, गॅस आणि विजेनंतर खर्च करायला काही उरलेलंच नसेल.

मग व्याजदर. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर, 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. तुमच्या घराच्या कर्जाचा हप्ता फुगला किंवा मुदत लांबली. हेतू असा की लोकांच्या हातात पैसा कमी राहावा, मागणी थंडावी आणि भाव खाली यावेत. हे काम करतं, नाही असं नाही. फक्त जुलै 2023 मध्ये टोमॅटोला ते कुणी कळवलं नव्हतं. तुम्ही वाढीव हप्ता इमानेइतबारे भरत होता आणि टोमॅटो दीडशेच्या पुढे गेला. पिकाला बसला होता हवामानाचा फटका. रेपो दर वाढवून वेलीला फुलं धरत नाहीत. त्या महिन्यात महागाई 7.44 टक्के झाली, आणि सप्टेंबर येईतो टोमॅटोचे भाव इतके कोसळले की पिंपळगावच्या बाजारात माल घेऊन जाणाऱ्याला गाडीभाड्याची चिंता पडली. हप्ता मात्र तिथेच होता. तेव्हा हप्ता वाढला की आपण कुठल्या तरी अनोळखी टोमॅटोसाठी त्याग करतोय असं समजा, मन हलकं होतं.

इथे कुणीतरी हमखास म्हणणार, अहो, नोटा तर आपल्याच नाशिकरोडला छापतात, मग जरा जास्त छापायला काय जातं? हा विनोद नाशकात प्रत्येक लग्नाच्या पंगतीत एकदा होतोच. प्रेसमध्ये छापलं जातं ते रिझर्व्ह बँकेने मागितलेलं, आणि देशातला बराचसा पैसा कागदावर नसतोच, तो बँकांनी दिलेल्या कर्जातून खात्यांवर उमटतो. झिम्बाब्वेने हौस करून पाहिली. 2009 साली तिथे शंभर लाख कोटी डॉलरची एक नोट निघाली. सगळे कोट्यधीश झाले आणि पाव मिळेना.

आता खरा विषय, कांदा. सल्ला देणाऱ्याने इथे जपून बोलायचं असतं, कारण नाशकात एकाच घरात थोरला भाऊ निफाडला कांदा पिकवतो आणि धाकटा इंदिरानगरमध्ये तो विकत घेतो. भाव चढला की धाकटा बोंब मारतो, पडला की थोरला. दोघांना एकाच वेळी खूश करायचा मार्ग अजून निघालेला नाही, पण दोघांना एकाच वेळी रडवायचा मार्ग आपल्या व्यवस्थेने केव्हाच शोधून काढलाय.

तो असा. भाव वर गेले की निर्यात अडवायची. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसलं, लासलगावसकट जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. 8 डिसेंबरला निर्यात थेट बंद. 4 मे 2024 ला ती उघडली, पण टनाला किमान 550 डॉलर भाव आणि वर तेच 40 टक्के शुल्क ठेवून. (नाशिक-दिंडोरीचं मतदान 20 मेला होतं. तारखा जवळजवळ येतात कधी कधी.) सप्टेंबरमध्ये शुल्क 20 टक्के झालं आणि पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. तोवर आपलं गिऱ्हाईक दुसरीकडून कांदा घ्यायला शिकलं होतं. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा भद्रकालीतल्या तळणाचा भाव चढला आणि आपण त्या देशाच्या नावाने बोटं मोडली. डिसेंबर 2023 मध्ये ढाक्यातल्या गृहिणीने आपल्या नावाने मोडली असणार. हिशेब मिटला.

थोरल्या भावासाठी सल्ला जुनाच आहे: कांदाचाळीत माल ठेव आणि भाव यायची वाट बघ. वाट बघताना कांदा वजनाने घटतो, सडतो, कोंब काढतो, म्हणून वाट फार बघायची नाही. कमीही बघायची नाही. 2018 च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 750 किलो कांदा विकला आणि हातात आले 1,064 रुपये. त्याने ते पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवून दिले, वर मनीऑर्डरचा खर्च 54 रुपये. त्या वर्षी महागाईचा आकडा फार देखणा होता. देखणेपणाचा खर्च कोण करतं, हे आकड्याच्या खाली लिहायची पद्धत नाही.

आणि धाकटा? लासलगावला भाव निम्मा झाला म्हणून त्याला अर्ध्यात कांदा मिळत नाही. मधे हमाली आहे, तोलाई आहे, आडत आहे, गोणी आहे, डिझेल आहे, सडका माल आहे आणि हातगाडीवाल्याचं पोट आहे. चढताना भाव या पायऱ्या एका दमात चढतो. उतरताना त्याचे गुडघे दुखतात. मिसळीचंच बघा. कांदा महागला की जास्तीच्या कांद्याची वाटी बंद होते, फलकावर मिसळीचा भाव खोडून नवा लिहिला जातो. कांदा मातीमोल झाला की वाटी परत येते. फलकावरचा आकडा परत आल्याचं कुणी पाहिलं असेल तर तर्री आमच्याकडून. मिसळवाल्याला तरी काय बोलणार? त्याचा गॅस, पोऱ्याचा पगार, गाळ्याचं भाडं यातलं काहीच खाली आलेलं नाही. पोऱ्याने पगार वाढवून मागितला तो त्याची खोली महागली म्हणून, आणि खोलीचं भाडं वाढवलं ते मालकाला मिसळ महाग पडू लागली म्हणून. 2027 च्या सिंहस्थात हे चक्र कसं गरगरेल ते बघायला पंचवटीत घर असेल तर गॅलरी भाड्याने द्या. लाखो माणसं आणि खोल्या तेवढ्याच, मागणी वाढल्याने होणारी महागाई याहून स्वच्छ कुठे दिसणार नाही.

पुडे लहान होतायत त्याबद्दल थोडक्यात: दहाचा पुडा दहालाच मिळतोय, कृतज्ञ राहा. आत काय आणि किती, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचू नका, चष्म्याचा नंबर वाढतो आणि चष्माही महागलाय. बचतीबद्दल त्याहून थोडक्यात. भाव वर्षाला सहा टक्के वाढले तर बारा वर्षांत दुप्पट होतात, म्हणून पैसे कपाटात ठेवायचे असतील तर कपाट तरी चांगलं घ्या.

पुढे महागाई किती होईल असं वाटतं, हे रिझर्व्ह बँक अधूनमधून घराघरांत विचारते. कारण माणसाला भाव वाढतील असं वाटलं की तो आजच दोन डबे तेल जास्त घेतो, आणि तेवढ्यानेही भाव वाढतो. लोक साधारणपणे सरकारी आकड्यापेक्षा बरंच जास्त सांगतात. महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूरकरांना विचारतात, नाशिककराला विचारत नाहीत. आपल्याला विचारलं असतं तर सर्वेक्षणाचा कागद पुरला नसता.

एवढं सगळं करूनही महिनाअखेरीला किराणा दुकानाची उधारी थकलीच, तर घाबरू नका. यावर कायद्याने उत्तम तोडगा दिलाय. 2016 पासून रिझर्व्ह बँकेला महागाईचं लक्ष्य आहे 4 टक्के, दोन टक्के इकडेतिकडे चालतं. सलग तीन तिमाह्या लक्ष्य हुकलं तर काय शिक्षा? सरकारला पत्र लिहायचं. पत्रात तीन गोष्टी: का चुकलं, काय करणार आणि किती दिवसांत सुधारणार. 2022 मध्ये जानेवारी ते सप्टेंबर असं ते हुकलं, 3 नोव्हेंबरला व्याजदर ठरवणाऱ्या समितीची जादा बैठक झाली, पत्र गेलं. पत्रात काय होतं ते जनतेला कळलं नाही, कारण ते जाहीर करायची कायद्यात तरतूद नाही, असं संसदेत सांगण्यात आलं.

तुम्हीही तेच करा. तीन तिमाह्या उधारी थकू द्या आणि मग दुकानदाराला लिहा. कारणं: युक्रेनचं युद्ध, अवकाळी पाऊस, रुपयाची घसरण. उपाय: गाभा खर्चावर लक्ष केंद्रित करत आहोत. मुदत: आधारभूत परिणाम (म्हणजे गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलनेचा खेळ) ओसरल्यावर. पाकीट बंद ठेवा, घरच्यांनाही दाखवू नका. दुकानदाराने तरीही सामान द्यायचं थांबवलं तर समितीची जादा बैठक बोलवा. सहा माणसं लागतात, तीन घरची, तीन बाहेरची. बाहेरच्यांना चहा द्यावा लागेल, तेव्हा निरोप देतानाच साखर घेऊन या म्हणून सांगा.